न घेतलेल्या जबान्या

टहरौलीत सकाळी ऊन चढायच्या आत मी एकच काम करते. ‘माझा प्रवास’च्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी उघडते आणि झाशीच्या पाडावाची पानं ओळीला ओळ लावून वाचते. एक आवृत्ती चिंतामणराव वैद्यांची, १९०७ सालची. दुसरी दत्तो वामन पोतदारांनी मूळ मोडी हस्तलिखितावरून १९६६ साली आणलेली. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक, वैद्यांच्या घराण्याचे उपाध्याय. वैद्यांच्याच सांगण्यावरून त्यांनी १८८३ साली आपली हकीकत लिहून काढली. छापताना वैद्यांनी भाषा नीट केली, काही मजकूर बदलला, काही गाळला. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून राहिलं, म्हणून आज दोन्ही ताडून पाहता येतात.

शेजारी वही असते. तिच्यात पाच रकाने आखलेले. कोण सांगतंय? स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं? घडल्यावर किती काळाने लिहिलं? कुणी वाचावं म्हणून लिहिलं? आणि ही गोष्ट अशीच सांगितली जाण्यात कुणाचं हित होतं? मजकुरात बाईचा उल्लेख आला की पेन्सिलीने खूण करायची आणि पाचही रकाने भरायचे. काम फार सावकाश चालतं. एखाद्या वाक्यापाशी सकाळ निघून जाते.

माझा विषय युद्धातली लैंगिक हिंसा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या विषयावर जे सगळ्यांत कसदार काम झालं त्याचा मोठा भाग आफ्रिकेतल्या लढायांवर आहे. रवांडा, सिएरा लिओन, लायबेरिया, काँगो, उत्तर युगांडा. ती पुस्तकं आणि अहवाल वाचत असताना मला सारखी झाशी आठवत होती. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतलं, तेव्हा तिथल्या बायकांचं काय झालं हे आपण कोणत्या आधारावर बोलतो? मराठीत त्या दिवसांचा डोळ्यांदेखतचा इतका मोठा वृत्तांत असताना आपण तो या प्रश्नासाठी कधी वाचला का?

झाशी शहरात त्या वर्षाची आठवण किल्ल्याभोवती आणि राणीच्या पुतळ्याभोवती घट्ट झाली आहे. तिथे काय बोलायचं हे बोलणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून मी जिल्ह्याच्या आत आले. टहरौली ही झाशी जिल्ह्यातली तहसील. बेतवा आणि धसान या नद्यांमधला हा मुलूख. गावाला स्वतःचा जुना किल्ला आहे. जवळच गुरसराय. तिथले जहागीरदार केशवराव दिनकर मराठी. १८५७ साली जालौनचा कारभार तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याकडे सोपवला होता. त्याच साली ओरछ्याची फौज झाशीवर चालून गेली. पुढल्या मार्चमध्ये तात्या टोप्यांनी चरखारी घेतली आणि ते झाशीच्या मदतीला आले तेही याच बाजूने, पूर्वेकडून. १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा पराभव झाला. वर्षाच्या आत या भागाने एवढ्या फौजा पाहिल्या, आणि त्यांतली प्रत्येक फौज गावांतून दाणावैरण घेतच पुढे गेली असणार.

आधी रकान्यांविषयी सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. डॅरा के कोहेन आणि राग्नहिल्ड नूर्डोस या दोघींनी २०१४ साली एक मोठा माहितीसंच प्रसिद्ध केला. १९८९ ते २००९ या काळातल्या जगभरच्या सशस्त्र संघर्षांत कोणत्या सैन्याने, कोणत्या टोळीने, कोणत्या वर्षी लैंगिक हिंसा केली याची ती नोंद आहे. अमेरिकी परराष्ट्र खातं, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या तिघांचे वार्षिक अहवाल वाचायचे आणि प्रत्येक गटाला प्रत्येक वर्षासाठी शून्य ते तीन यांपैकी एक गुण द्यायचा. शून्य म्हणजे उल्लेख नाही. एक म्हणजे तुरळक घटना. दोन म्हणजे सर्रास. तीन म्हणजे प्रचंड प्रमाणावर, पद्धतशीर.

समजून घेण्यासाठी मी स्वतः जुने अहवाल समोर ठेवून ही गुण देण्याची कवायत करून पाहिली. ऐकायला यांत्रिक वाटतं, पण करायला बसलं की प्रत्येक शब्द वजन करून घ्यावा लागतो. अहवाल लिहिणाऱ्याने ‘अनेक’ लिहिलं तर किती? ‘आरोप आहेत’ म्हणजे त्याने पडताळले की नुसते कानावर आले? आणि सगळ्यांत कठीण ते शून्य. घडलं नाही म्हणून शून्य, की तिथवर कुणी पोचलंच नाही म्हणून शून्य? दोन्हींची खूण कागदावर सारखीच दिसते. म्हणूनच कोहेन-नूर्डोसनी तिन्ही स्रोतांचे गुण वेगवेगळे ठेवले, एकात मिसळले नाहीत. एकाने दोन दिले आणि दुसऱ्याने शून्य, तर ती तफावत वाचणाऱ्याला दिसलीच पाहिजे. मला ही फार मोठ्या प्रामाणिकपणाची गोष्ट वाटते.

कोहेन तेवढ्यावर थांबली नाही. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ असं युद्ध चाललं. तिथे जाऊन तिने माजी लढवय्यांशी बोलणी केली. आरयूएफ या बंडखोर गटाने बहुतेक पोरं पळवून आणून भरती केली होती. एकमेकांना न ओळखणारी, एकमेकांवर विश्वास नसलेली, भेदरलेली माणसं. अशांची तुकडी बांधली जावी म्हणून सामूहिक बलात्कार घडत गेले, असं तिने २०१६ च्या पुस्तकात मांडलं. वरून लेखी हुकूम असण्याची गरजच नव्हती. त्या टोळ्यांतल्या बायकाही या अत्याचारांत सामील होत्या, हेही तिने लिहिलं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. बाई म्हणजे पीडित आणि पुरुष म्हणजे अत्याचारी एवढ्या एका रेघेवर माझी सगळी समज उभी होती. ती रेघ पुसावी लागली. पुरुषांवरच्या लैंगिक अत्याचारांचंही तेच. कंपाल्याच्या रेफ्यूजी लॉ प्रोजेक्टमधून ख्रिस डोलन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या पीडितांना बोलतं केलं नसतं, तर ते शून्य शून्यच राहिलं असतं.

एलिझाबेथ वुड या अभ्यासक बाईंनी उलट बाजूने प्रश्न केला. कोणत्या सैन्यांत बलात्कार कमी होतात, आणि का? सगळीच युद्धं आणि सगळेच शिपाई असे, असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण तसं नसतं. एल साल्वादोरच्या बंडखोरांनी हे जवळजवळ केलंच नाही. जिथे वरिष्ठांनी मनापासून बंदी घातली आणि मोडणाऱ्याला शिक्षा केली, तिथे ते थांबलं. याचा दुसरा अर्थ असा, की जिथे थांबलं नाही तिथे ‘युद्धात असं होतंच’ ही सबब कुणाही सेनापतीला उरत नाही. अभ्यासकाच्या हातावरही इथे बंधन येतं. झाशी पडली, फौज शिरली, म्हणजे अमुक झालंच असेल, असं मला गृहीत धरता येत नाही. पुरावा हवा. आणि पुरावा नाही म्हणून झालं नाही, असंही म्हणता येत नाही. या दोन गोष्टींच्या मधल्या अरुंद जागेत उभं राहून वाचायचं.

काँगोबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे या अभ्यासाची खरी परीक्षा झाली. पूर्व काँगोत बुकावूला डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ साली पांझी रुग्णालय सुरू केलं. अत्याचाराने शरीर फाटलेल्या हजारो बायकांवर तिथे शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना नादिया मुराद यांच्याबरोबर मिळालं. या कामाबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे. पण जगाचं लक्ष वळलं तसे पैसे आले आणि पैशांबरोबर एक ठराविक कहाणीही आली. मारिया एरिक्सन बाझ आणि मारिया स्टर्न यांनी काँगोच्या सरकारी सैन्यातल्या शिपायांशी लिंगाला भाषेत लांबलचक मुलाखती केल्या. शिपाई स्वतःच बलात्कारांचे प्रकार पाडत होते. पगार नाही, बायको सोडून गेली, माणूस काय करणार, असं म्हणून काही अत्याचारांना ते जवळपास माफ करत होते. काहींना मात्र तेही दुष्टपणाच म्हणत. २०१३ च्या पुस्तकात या दोघींनी सावधगिरीने सांगितलं की ‘बलात्कार हे युद्धाचं शस्त्र’ या एका वाक्यात हे सगळं मावत नाही. शस्त्र म्हटलं की कुणीतरी ते हेतूने चालवतंय, असं आपण धरून चालतो. इथे पुष्कळदा मोडकळलेलं सैन्य होतं, हातातून सुटलेले अधिकारी होते.

त्याच सुमारास नेंके डौमा आणि डोरोथिया हिलहॉर्स्ट यांनी दाखवून दिलं की मदतनिधी बलात्कारपीडितांसाठीच राखून ठेवल्यामुळे इतर बायकांना दवाखान्याची पायरी चढायलासुद्धा तीच कहाणी सांगावी लागत होती. बाळंतपणात शरीराला इजा झालेली बाई उपचारांसाठी स्वतःला अत्याचारपीडित म्हणवून घेत होती. २०११ साली एका सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने २००७ च्या घरोघरच्या पाहणीवरून अंदाज काढला की काँगोत वर्षभरात चार लाखांहून अधिक बायकांवर बलात्कार झाले. बातम्यांत हाच आकडा गाजला. त्याच अभ्यासात नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीचं प्रमाण त्याहूनही मोठं निघालं होतं. ते मात्र बहुतेक मथळ्यांत आलं नाही. घरातला पुरुष ज्यात दोषी ठरेल ती बातमी युद्धाच्या बातमीत बसत नव्हती.

आणि लुवुंगी नावाचं गाव. ३० जुलै ते २ ऑगस्ट २०१०, उत्तर किवू प्रांतातल्या वालिकाले भागात बंडखोरांनी गावांत शिरून अत्याचार केले. संयुक्त राष्ट्रांच्या तपासात तेरा गावांतल्या किमान ३८७ पीडितांची नोंद झाली. त्यांत बायका होत्या, मुली होत्या, पुरुष आणि मुलगेही होते. जवळच किबुआला शांतिसेनेचा तळ होता आणि तिथे भारतीय जवान होते. त्यांना वेळेत कळलं नाही. गावकऱ्यांशी बोलायला भाषा नाही, निरोप यायला फोन नाही, गस्त दुरून जाणारी. आपल्या देशात यावर फारशी चर्चा झाली नाही, ती व्हायला हवी होती. पुढे २०१३ साली लॉरा हीटन या पत्रकार बाईने लुवुंगीत जाऊन आकड्याबद्दल शंका उपस्थित केली. तिच्यावर टीका झाली. मला वाटतं, आकडा तपासणं म्हणजे पीडितांवर अविश्वास दाखवणं नव्हे. फुगलेला एक आकडा उघडा पडला की नाकारणाऱ्यांना बाकीचं सगळं नाकारायला बळ मिळतं.

आकडे आणि अफवा यांची हीच गोष्ट झाशीत दीडशे वर्षं आधी घडून गेली होती. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत बंडवाल्यांनी साठेक इंग्रज माणसं मारली. पुरुष, बायका आणि लहान मुलंही. सुरक्षित जाऊ देण्याचं वचन घेऊन ती किल्ल्याबाहेर आली होती. ही कत्तल होती, आणि तिला दुसरं नाव देता येत नाही. पण विलायतेत बातमी पोचली ती वेगळ्या रूपात. तिथल्या कॅप्टन स्कीन या इंग्रज अधिकाऱ्याने गोल बुरुजात आपल्या बायकोला गोळी घातली, मग स्वतःला, म्हणजे ती शत्रूच्या हाती सापडू नये. क्रिस्टिना रोझेट्टी या कवयित्रीने झाशीच्या त्या बुरुजावर कविता लिहिली. पुढे तिला कळलं की असं घडलंच नव्हतं, आणि नंतरच्या आवृत्तीत तिने तशी टीप जोडली. स्कीन नवराबायको इतरांबरोबर बागेतच मारले गेले होते.

तेव्हा विलायतेतली वर्तमानपत्रं इंग्रज बायकांवरच्या अत्याचारांच्या वर्णनांनी भरलेली होती. दिल्ली, कानपूर, झाशी. खुद्द गव्हर्नर जनरल कॅनिंगला त्यांतलं खरं किती, हे जाणून घ्यायचं होतं. आग्र्याच्या किल्ल्यात गुप्तवार्ता खातं सांभाळणाऱ्या विल्यम म्यूरने १८५७ च्या अखेरीस ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून माहिती मागवली. निष्कर्ष असा की कत्तली झाल्या, पण युरोपियन स्त्रियांच्या विटंबनेच्या या कहाण्यांना भरवशाचा पुरावा मिळत नाही. जेनी शार्प यांनी १९९३ च्या पुस्तकात या कहाण्यांनी काय काम केलं ते उलगडून दाखवलं. सूडाला त्यांनी धार दिली. झाशी घ्यायला निघालेल्या फौजेच्या डोक्यात जोखनबाग होती, आणि तिच्याबरोबर न घडलेल्या गोष्टीही होत्या.

म्यूरची ती चौकशी मी माझ्या रकान्यांत घालून पाहिली. साक्ष कुणाची, पाहिलेली की ऐकलेली, कधी लिहिलेली, हे त्याने विचारलं होतं. पद्धत चांगली होती. पण चौकशीचा विषय फक्त युरोपियन स्त्रिया. ३ एप्रिल १८५८ ला झाशीच्या तटाला शिड्या लागल्या, त्यानंतरच्या दिवसांत शहरातल्या कोष्टी, कोरी, मुसलमान, ब्राह्मण, मराठी घरांतल्या बायकांवर काय गुदरलं, हे जाणण्यासाठी कुठल्या अधिकाऱ्याने कुठल्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं?

म्हणून गोडसे. तो आत होता. घरात लपून वाचला, मिळवलेलं द्रव्य गमावून बसला. त्याचं लिहिणं भाबडं नाही. लुटीचा क्रम तो नीट सांगतो. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, शेवटी धान्य. पेटलेला हलवाईपुरा, रस्त्यातली प्रेतं. विहिरींत उड्या घेतलेली माणसं. नवऱ्याला पाठीशी घालताना मारल्या गेलेल्या बायका. विहिरींचा उल्लेख इंग्रज बाजूच्या लिखाणातही येतो. या पुस्तकातली एक विहीर मराठी वाचकांच्या चांगली लक्षात आहे. काल्पीच्या वाटेवर भेटलेली राणी तिथे गोडश्याला पाणी शेंदू न देता स्वतः शेंदते, ती. झाशी शहरातल्या विहिरी आपल्या तेवढ्या ध्यानात राहिल्या नाहीत.

माझ्या वहीत विहिरींच्या वाक्यांपुढे रकाने भरताना हात थबकतो. कोण सांगतंय: पुरुष, ब्राह्मण, परमुलखातला. पाहिलं की ऐकलं: बरंचसं ऐकलेलं, कारण तो स्वतः बाहेर पडूच शकत नव्हता. किती काळाने: पंचवीस वर्षांनी, इंग्रजांचं राज्य पक्कं झाल्यावर. कुणासाठी: यजमानांच्या घरातल्या शिकलेल्या मुलासाठी. यांतलं प्रत्येक उत्तर त्याच्या लेखणीला थोडं थोडं आवरतं. आपल्याला दिसतं ते एवढ्या आवरण्यातून उरलेलं. आणि ज्या बाईवर प्रसंग आला तिचा स्वतःचा शब्द त्या पानांत नाही.

उडी घेतली, असं वाक्य वाचलं की मला उर्वशी बुटालियांचं फाळणीवरचं पुस्तक आठवतं. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीजवळच्या ठोहा खालसात नव्वदेक बायका विहिरीत गेल्या. घराण्यांच्या आठवणींत ते हौतात्म्य झालं. बुटालियांनी १९९८ साली हलकेच विचारलं की सगळ्याच जणींनी आपणहून उडी घेतली का? काहींच्या पाठीवर कुणाचा हात होता का? लहान मुलींना कुणी विचारलं होतं? झाशीच्या विहिरींनाही हे प्रश्न विचारायला हवेत. शत्रूच्या शिपायापासून वाचवण्यासाठी आपल्याच माणसाने घेतलेला बाईचा जीव अत्याचाराच्या हिशेबात कुठे धरायचा? रोझेट्टीच्या कवितेतला नवरा आणि विहिरीच्या काठावरचा नवरा, दोघांनाही तेच वाटत होतं. बाई जगण्यापेक्षा तिची अब्रू राहणं मोठं.

दुपारनंतर मी गावांत जाते. बरोबर इथल्याच एका महिला संघटनेत काम करणाऱ्या दीदी असतात. त्यांच्याशिवाय मी कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही. पहिला नियम त्यांचाच: अत्याचाराबद्दल सरळ विचारायचं नाही. काँगोतही शहाण्या संशोधकांनी हेच सांगितलं आहे. गावोगाव एकाच बाईला पाहुण्यांपुढे पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणं ही तिच्यावर दुसऱ्यांदा केलेली जबरदस्ती असते. म्हणून मी विहिरींविषयी विचारते. जुनी विहीर कुठली, कुणी बांधली, आता पाणी आहे का.

एका घरी बायका मटार सोलत बसल्या होत्या. म्हाताऱ्या बऊने मान वर करून विचारलं, “बिन्नू, का पूछ रईं?” दीदींनी समजावून सांगितलं. मग विहिरींचं बोलणं निघालं ते संपेना. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती कुआँपूजनाला, कोणत्या विहिरीला कोणत्या वाड्यातल्या बायकांना येऊ देत नसत, कोणती विहीर आटली, कोणती बुजवली. जातीचा सगळा नकाशा विहिरींवरून कळला. गदराचं, म्हणजे १८५७ च्या बंडाचं, नाव मी काढलं नव्हतं. बऊनेच काढलं. तिची आजी सांगे, फौज आली की पोरींना भुशाच्या कोठीत दडवत. फौज कुणाची? इंग्रजांची? ओरछ्याची? बागींची? बऊ म्हणाली, फौज ती फौज. शेजारची एकजण म्हणाली, नव्हे, ते डाकूंच्या वेळचं. दोघींत जरा वाद झाला.

संध्याकाळी ते वहीत लिहिताना मी ‘फौज: अनिश्चित, काळ: अनिश्चित’ असंच लिहिलं. १८५८ चा पुरावा म्हणून याची किंमत फार नाही, आणि ती वाढवून सांगण्याचा मोह आवरायला हवा. पण पोरींना दडवायचं हे ज्ञान आजीकडून नातीकडे गेलं, हे पक्कं आहे. कोणत्या झेंड्याची फौज आहे याने दडवण्यात फरक पडत नव्हता. राजकारणाचा इतिहास ज्या फरकावर उभा आहे तो या अंगणात गैरलागू होता.

गावाच्या कडेला हरदौलाचा चबुतरा आहे. बुंदेलखंडात असे चबुतरे गावोगाव. ओरछ्याच्या जुझारसिंहाचा हा धाकटा भाऊ. वहिनीशी त्याचा संबंध असल्याचा संशय राजाने घेतला आणि तिच्याच हातून त्याला विष देववलं, अशी कथा. मेल्यावर तो बहिणीच्या मुलीच्या लग्नात भात, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन आला, म्हणून आजही लग्नाचं पहिलं आमंत्रण त्याला. बायका त्याला किती जिव्हाळ्याने लाला हरदौल म्हणतात! मी दीदींना विचारलं, त्या वहिनीचं पुढे काय झालं असेल? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिचा चबुतरा नाही.

याच बुंदेलखंडात २००२ साली चित्रकूटहून ‘खबर लहरिया’ सुरू झालं. खेड्यांतल्या, बहुतेक दलित बायकांनी चालवलेलं वर्तमानपत्र. बलात्काराची तक्रार नोंदवून घेत नाहीत म्हणून ठाण्याबाहेर बसलेल्या बाईचं म्हणणं तिच्या बोलीत, तिच्या गावात जाऊन त्या लिहून आणतात. विद्यापीठांतल्या संशोधनाला जे साधत नाही ते त्यांना साधतं, कारण त्या पुढच्या महिन्यातही त्याच रस्त्याने जाणार असतात.

कुणी विचारतं तेव्हाच नोंद होते, याचं सगळ्यांत ठळक उदाहरण रवांडाचं आहे. टाबा गावाचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याच्यावर अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात वंशसंहाराचा खटला चालला, तेव्हा मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. जानेवारी १९९७ मध्ये एका साक्षीदार बाईने दुसरंच काही सांगताना आपल्या लहान मुलीवर झालेल्या बलात्काराचा उल्लेख केला. न्यायपीठावर डर्बनच्या भारतीय वंशाच्या नवी पिल्ले होत्या. तो उल्लेख तसाच सोडून कुणी पुढे गेलं नाही. न्यायाधीश प्रश्न विचारत राहिले, बाई सांगत राहिली, पुढे आणखी बायका बोलल्या. आरोपपत्रात बदल झाला. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच ठरवलं. आज युगांडाच्या डोमिनिक ओंगवेन या बंडखोर सेनानीला सक्तीचं लग्न आणि सक्तीचं गरोदरपण या गुन्ह्यांसाठी झालेली शिक्षा, किंवा २०२४ साली त्या खटल्यात जवळपास पन्नास हजार पीडितांसाठी मंजूर झालेली पाच कोटी युरोंहून अधिक भरपाई, यांची मुळं त्या साक्षीपर्यंत जातात.

झाशीच्या साक्षी घ्यायची वेळ कधीच गेली. उरतात कागद, आणि तेही बहुतेक चढाई करणाऱ्यांचे. त्या कागदांकडे वळताना मराठी वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. रोजच्या फौजेत गोरे होते, मद्रासी होते, हैदराबादचे होते, आणि मुंबई लष्कराच्या देशी पलटणीही होत्या. ३ एप्रिलला तटावर चढणाऱ्यांत मुंबईची २५ वी देशी पलटण होती. मुंबई लष्करात कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. म्हणजे वरसईचा भट घरात दडून बसला होता तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर त्याची भाषा बोलणारे शिपाई असू शकतात. झाशीतल्या मराठी घरांतल्या बायकांना दाराबाहेरून आपली बोली ऐकू आली असेल का? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. गोडश्याच्या दोन्ही आवृत्त्यांत शिपायांच्या बोलण्याचे जे जे उल्लेख आहेत ते मी आता वेगळे काढते आहे.

पुढचं काम लंडनमध्ये. क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रिटिश सैन्याच्या परदेशांतल्या कोर्ट-मार्शलच्या नोंदवह्या आहेत. कंपनीच्या फौजेचे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात. शिपायाचं नाव, पलटण, ठिकाण, गुन्हा, शिक्षा. मार्च ते जून १८५८, झाशी आणि झाशीची वाट. बलात्कार या शब्दाखाली काही सापडेल अशी आशा मी धरलेली नाही. शिस्तभंग, दारू, छावणी सोडून जाणं, लुटीचा माल बाळगणं, या नोंदी पाहायच्या. कुणा अधिकाऱ्याने आपल्या माणसांना आवरलं असेल तर तेही त्यांतच दिसेल, आणि तो शोध मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. सुरुवात मुंबईच्या २५ व्या पलटणीपासून करणार आहे.